रजिस्ट्रार बुडाला, संत्र्याच्या वेबसाइटचं नाव वाचलं

वरुडजवळच्या आमच्या गावातून संत्रा वेबसाइटवरून विकतो. ऐन अंबिया बहाराच्या तोडणीत ती बंद पडली. डॉट-कॉम नाव जिच्याकडून घेतलं, त्या कंपनीचा, म्हणजे रजिस्ट्रारचा, फोन लागेना. पोटात गोळाच आला. इंटरनेटवरच्या नावांची जगभरची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने तिची मान्यता काढली होती.

पण नाव बुडत नाही. रजिस्ट्रारला ग्राहकांच्या नोंदी त्रयस्थाकडे जमा ठेवाव्या लागतात. आयकॅन सगळी नावं दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवतं. नाव कुणाकडे आहे ते दाखवणाऱ्या आयकॅनच्या लुकअप पानावर नवा रजिस्ट्रार दिसला. अडलं ते ईमेलवर: नोंदीत माझ्याऐवजी तालुक्याच्या कॅफेवाल्या भाऊंचा ईमेल पत्ता होता! जुनी पावती, ओळखपत्र पाठवून तो बदलून घेतला. नावावरून वेबसाइटपर्यंत पोचवणारे जुने नेमसर्व्हर बंद होते, म्हणून वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या होस्टिंग कंपनीचे टाकले. रजिस्ट्रार बदलला म्हणून नावाची मुदत वाढत नाही, संपण्याची तारीख तीच राहते. लगेच नूतनीकरण केलं.