शेजारी राष्ट्रांतील धान्यवादाची बातमी कशी वाचावी

एप्रिल महिन्यात दोडामार्ग किंवा सावंतवाडीच्या बाजारात काजू बीचे पोते उघडले की व्यापारी मूठभर बी हातात घेतो, एखादी फोडून गर पाहतो आणि भाव सांगण्याआधी आफ्रिकेतून आलेल्या बीचा विषय काढतो. कारखान्याला वर्षभर बी लागते, तेवढी इथे पिकत नाही, म्हणून ती बाहेरून येते. आणि ती आली की बागायतदाराच्या हाती येणारा भाव उतरतो. यात कोणी लबाडी केलेली असतेच असे नाही. युद्धकाळात दोन मित्रराष्ट्रांमध्ये शेतमालावरून तंटा झाल्याची बातमी वाचताना हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा, कारण पोलंड आणि युक्रेन यांच्यात २०२३ मध्ये धान्यावरून जे बिनसले, त्याचे मूळ याच प्रकारचे होते.

वाचनाची सुरुवात नेत्यांच्या विधानांपासून करू नये. आधी नकाशा घ्यावा आणि माल कोणत्या वाटेने जात होता, ती वाट कशी बदलली, हे बोट फिरवून पाहावे. युक्रेनचे बहुतेक धान्य काळ्या समुद्रातील बंदरांतून जगभर जात असे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केल्यावर ती बंदरे अडली. तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीने जुलै २०२२ मध्ये झालेल्या करारामुळे समुद्रमार्ग काही काळ उघडला खरा, पण जुलै २०२३ मध्ये रशिया त्यातून बाहेर पडला. दरम्यान युरोपीय संघाने जून २०२२ पासून युक्रेनच्या मालावरील आयातशुल्क आणि कोटा स्थगित केला व जमिनीवरची वाट मोकळी केली.

मात्र जमिनीवरची ही वाट मोठ्या आवकेसाठी सोयीची नव्हती. युक्रेनमधील रेल्वेरुळांची रुंदी १५२० मिलिमीटर आहे आणि पोलंडमधील १४३५. म्हणजे बहुतेक डबे थेट पुढे जात नाहीत, धान्य सीमेवर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत ओतावे लागते किंवा डब्यांची चाके बदलावी लागतात. कोकण रेल्वेवर कोलाडला मालवाहू ट्रक गाडीवर चढवून गोव्यातील वेर्णा येथे उतरवण्याची सेवा आहे. तिथे चढवण्या-उतरवण्यात किती वेळ जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला या अडचणीची कल्पना सहज येईल. आफ्रिका आणि आशियाकडे जायचे धान्य पोलंडच्या बंदरांपर्यंत नेणे महाग पडू लागले. त्यामुळे त्यातील बरेचसे सीमेलगतच्या भागातच विकले गेले, गोदामे भरली आणि भाव पडले.

यानंतर विचारायचा प्रश्न असा, की मैत्रीचा खर्च कोणाच्या अंगावर पडला? माझ्या मते संपूर्ण बातमीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि वृत्तपत्रांत त्याला सर्वांत कमी जागा मिळते. पोलंडने लाखो निर्वासितांना आसरा दिला, रणगाडे आणि मिग-२९ विमाने दिली. त्या निर्णयांना देशभरातून पाठिंबा होता आणि त्यांचा भारही देशभर वाटला गेला. धान्याचा भार मात्र मुख्यतः पूर्वेकडील शेतकऱ्यांवर आला. त्यातच २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच कृषिमंत्र्यांनी, भाव वाढतील, धान्य विकण्याची घाई करू नका, असा सल्ला दिला होता. ज्यांनी तो ऐकला ते सर्वाधिक पोळले. एप्रिल २०२३ मध्ये त्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला आणि त्याच महिन्यात पोलंडने युक्रेनच्या धान्याची आयात बंद केली.

पुढे तारखा एकाखाली एक मांडाव्यात. पोलंडच्या बंदीच्या जागी युरोपीय संघाने पोलंडसह युक्रेनजवळच्या पाच देशांत युक्रेनचे धान्य विकण्यावर तात्पुरती बंदी घातली होती, ती १५ सप्टेंबर २०२३ रोजी संपली. पोलंड, हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांनी लगेच स्वतःची बंदी जाहीर केली. १८ सप्टेंबरला युक्रेनने तिघांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. दुसऱ्या दिवशी संयुक्त राष्ट्रसंघात युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी, काही मित्र धान्यावरून नाटक करत आहेत, अशा आशयाची टीका केली आणि २० तारखेला पोलंडचे पंतप्रधान मोराविएत्स्की यांनी, आपण युक्रेनला आता शस्त्रे देत नाही, असे सांगून टाकले. या ओळींखाली आणखी एक तारीख लिहावी: १५ ऑक्टोबर, पोलंडमधील संसदीय निवडणूक. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर कांदा निर्यातीची चर्चा का तापते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अधिक खुलासा नको.

तरीही एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. काय थांबले याच्या शेजारी काय थांबले नाही याचीही यादी करावी. बंदी पोलंडमध्ये धान्य विकण्यावर होती. पोलंडमार्गे इतरत्र जाणाऱ्या धान्याची वाहतूक चालूच राहिली. पाश्चात्त्य देशांची शस्त्रमदत पोलंडमधील ज्या झेशुफ विमानतळावरून युक्रेनकडे जाते, तो बंद झाला नाही. पंतप्रधानांचे विधान फक्त नव्या शस्त्रांपुरते आहे, असा खुलासाही लगेच झाला.

शेवटची कसोटी लागायला काही महिने जातात, म्हणून बातमीचे कात्रण जपून ठेवावे. वाद केवळ मतांसाठी असेल, तर सरकार बदलल्यावर तो विरायला हवा. डिसेंबर २०२३ मध्ये डोनाल्ड टुस्क यांचे सरकार आले, ते युक्रेनचे उघड समर्थक. पण धान्यावरील बंदी त्यांनीही उठवली नाही आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलंडच्या शेतकऱ्यांनी सीमेवरचे रस्ते अडवले, मेडिका येथे तर रेल्वेच्या डब्यांतले धान्य रुळांवर सांडले गेले.