कंडक्टर, वाहक आणि निर्वाहक: वर्गात सुवाहक-दुर्वाहक कसे शिकवावेत

बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळेत ‘कंडक्टर म्हणजे काय रे?’ असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, तिकीट देणारा. चूक काहीच नाही. घोटाळा पुढे आहे. महाराष्ट्राच्या एसटीत तोच माणूस ‘वाहक’ आणि कर्नाटकच्या बसमध्ये ‘निर्वाहक’. सहावीतल्या एका पोरानं मला सरळ विचारलं होतं, “सर, मग निर्वाहक म्हणजे दुर्वाहकच की?” दुर्वाहक म्हणजे वीज किंवा उष्णता सहज वाहून न नेणारा पदार्थ, सुवाहक त्याच्या उलट. निर्जीव, निर्धन, निर्वाहक, त्याचा तर्क बिनचूक होता! तेव्हापासून व्याख्या आधी फळ्यावर लिहायची सवय मी सोडली. आधी वस्तू हातात द्या, शब्द मागाहून येतील. ते आले की सुवाहक-दुर्वाहक यांच्या शेजारी शेजारच्या वर्गातले कन्नड वाहक-अवाहकही लिहा. पोरं गल्लीत दोन्ही भाषा बोलतात, शास्त्रही दोन्हीत कळू दे.

सुरुवात विजेपासून करा. विजेचं उत्तर लगेच मिळतं, दिवा लागतो किंवा लागत नाही. उष्णतेला असा दिवा नसतो, म्हणून ती नंतर.

सामान अगदी थोडं लागतं. दीड व्होल्टचे तीन सेल, सेल बसवायचा प्लॅस्टिकचा होल्डर, एक लाल एलईडी, २२० ओहमचा एक रेझिस्टर (प्रवाह आवरून धरणारा छोटा भाग) आणि वायरचे तुकडे. रेझिस्टर वगळू नका, नाहीतर एलईडी क्षणभर झगझगीत लागून कायमचा विझेल. एलईडीचा लांब पाय अधिक टोकाच्या बाजूला जोडा. दोन वायरींची टोकं मोकळी ठेवा आणि एकमेकांना टेकवून दिवा लागतो का ते आधी तपासा. सगळ्या वर्गापुढे न पेटणारा एलईडी आणि ‘सर, तुमचंच चुकलं’ हे मी अनुभवलं आहे. पाय उलटे जोडले होते.

आता तपासणी. पण खिळा, खोडरबर, पट्टी, नाणं एवढ्यावर थांबू नका. त्यांची उत्तरं पोरांना आधीच ठाऊक असतात, आणि ठाऊक असलेलं पुन्हा दाखवलं की वर्ग खिडकीबाहेर बघू लागतो. फसवणाऱ्या वस्तू आणा. पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोकदार करून शिशाला वायरी लावा, दिवा लागतो. धातू नसूनही ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. गंजलेला खिळा घ्या, दिवा लागत नाही. तोच दगडावर घासून पुन्हा लावा. सगळ्यात भारी वस्तू मोटार वायंडिंगच्या दुकानात मिळते. शेतातल्या पंपाची मोटार जळली की तिथं जुनी तार काढून नवी भरतात, त्या तारेचा वीतभर तुकडा मागून आणा. दिसायला निव्वळ तांबं, पण दिवा लागत नाही. पोरं चक्रावतात. मग ब्लेडनं (ते तुमच्याच हातात असू द्या) टोकं खरवडा. “लागली की सर!” त्या तारेवर पारदर्शक लेप असतो. लेप नसता तर वेटोळ्यातली तार शेजारच्या तारेला चिकटून वीज मधल्या वाटेनंच गेली असती, मोटार फिरलीच नसती.

पाण्यासाठी तीन वाट्या घ्या. एकीत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत बोअरचं पाणी, तिसरीत मीठ घातलेलं. वायरींची टोकं एकमेकांजवळ, पण न टेकवता बुडवा. पहिल्या वाटीत काही दिसणार नाही. दुसरीत दिवा लागला तर इतका मिणमिणता, की खोलीत अंधार करून बघावं लागेल. तिसरीत तो स्पष्ट दिसतो. वीज वाहतात ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. इथं एलईडीऐवजी टॉर्चचा बल्ब वापरलात तर तो बहुधा लागणारच नाही आणि पोरं ‘मिठाचं पाणी दुर्वाहक’ असं वहीत लिहून मोकळी होतील. बल्बला जास्त प्रवाह लागतो, एलईडीला थोडाही पुरतो. म्हणजे ‘दिवा लागला नाही’ याचा अर्थ एवढाच की या दिव्याला पुरेल इतकी वीज आली नाही. हे वाक्य पोरांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या.

भीतीची गोष्टही इथंच सांगायची. घरातली वीज २३० व्होल्टची, आपले सेल मिळून साडेचारचे. साडेचार व्होल्टला दाद न देणारी ओली काठी २३० ला दाद देऊ शकते. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात भिंत, चप्पल, काठी सगळंच ओलं असतं. ‘लाकूड दुर्वाहक’ हे पाठ केलेलं पोर तारेवर पडलेली फांदी ओल्या बांबूनं ढकलायला जाईल, तर तुमचा धडा त्याच्या जिवावर बेतेल. तुटलेल्या तारेपासून लांब राहायचं, दुसऱ्यांनाही जवळ जाऊ द्यायचं नाही आणि मोठ्यांकरवी हेस्कॉमला (इकडच्या वीज कंपनीला) कळवायचं. वर्गातला कुठलाही प्रयोग भिंतीवरच्या प्लगवर नाही म्हणजे नाही.

एक गोष्ट सांगायला पाच मिनिटं राखून ठेवा. १७२९ साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे घासलेल्या काचेच्या नळीवरची वीज दोरीवरून दूर नेऊन बघत होता. दोरी त्यानं रेशमी धाग्यांवर टांगली होती. वजनानं रेशीम तुटलं, म्हणून त्यानं मजबूत पितळी तार वापरली, तर वीज पलीकडे पोचेचना! तारेवरूनच ती निसटून जात होती. दोरी तोलणारं रेशीम तिला अडवून धरत होतं, ते त्याच्या बारीकपणामुळे नव्हे, ते रेशीम होतं म्हणून. बेळगावातल्या शहापूर-वडगावची पोरं असतील तर ही गोष्ट त्यांना सांगाच, तिथं रेशीम आणि माग कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

उष्णतेसाठी दुसरा दिवस घ्या. एकाच तासात दोन्ही कोंबले तर पोरांच्या डोक्यात एकच यादी तयार होते, आणि ती मोडायला फार कष्ट पडतात.

साधारण सारख्याच जाडीच्या तांब्याच्या, लोखंडाच्या आणि स्टेनलेस स्टीलच्या तारा घ्या. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यातून ओवा, वर दोन-अडीच इंच राहू द्या. प्रत्येकीच्या टोकाला सारखंच वनस्पती तूप लावून एकेक चुरमुरा चिकटवा. गरम पाण्याच्या भांड्यावर पुठ्ठा झाकण म्हणून ठेवा. पाणी तुम्हीच ओता. चुरमुरे कुठल्या क्रमानं पडतील ते पोरांना आधी लिहायला लावा. तांब्यावरचा आधी, मग लोखंडावरचा. स्टीलवरचा कधीकधी पडतच नाही. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० (वॉट प्रति मीटर प्रति केल्विन), लोखंडाची ८०, स्टेनलेस स्टीलची जेमतेम १५. सगळे धातू एका माळेचे मणी नव्हेत. स्टीलच्या पातेल्याला तांब्याचा तळ का लावतात, हे मग कुणीतरी पोरगीच सांगते.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. सारख्याच आकाराचे बर्फाचे दोन खडे दोन ताटल्यांत ठेवा. एक उघडा, दुसरा घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. आधी वितळेल कोणता? वर्ग ओरडतो, “घोंगडीतला!” कारण घोंगडी गरम असते ना. अर्ध्या तासानं उघडून बघा, घोंगडीतला खडा मोठा उरलेला असतो. घोंगडीजवळ स्वतःची ऊब नसतेच. लोकरीत अडकलेली हवा (वाहकता फक्त ०.०२५ च्या आसपास) उष्णतेची ये-जा अडवते; माणूस आत असेल तर त्याची ऊब बाहेर जाऊ देत नाही, बर्फ आत असेल तर बाहेरची ऊब आत येऊ देत नाही. बाकाचं लाकूड आणि बाकाचा लोखंडी पाय यांना हात लावून ‘गार कोण?’ हा प्रश्नही लगेच विचारा. दोघांचं तापमान एकच असतं, लोखंड हातातली ऊब भराभर ओढून घेतं एवढंच. हे पोरांना एका दिवसात पटत नाही. पटवायची घाई करू नका, थर्मामीटर असेल तर तो त्यांच्याच हाती द्या.

शेवटी फळ्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या घरांचा तक्ता काढा. वीज जाते आणि उष्णता जाते, इथं धातू. दोन्ही जात नाहीत, इथं कोरडं लाकूड, प्लॅस्टिक. धातूंत मोकळे इलेक्ट्रॉनच दोन्ही कामं करतात, म्हणून बहुतेकदा जोडी जमते. तिसऱ्या घराला, उष्णता जाते पण वीज जात नाही, गृहपाठ द्या. हिरा तिथं बसतो, तांब्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतो, पण हिरा शाळेत कोण आणणार? कुणाच्या घरी मोडकी जुनी इस्त्री असेल तर ती उघडून आणा. तापणाऱ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना अभ्रकाचे पातळ पापुद्रे मिळतील. अभ्रक काही तांब्यासारखा सुवाहक नव्हे, पण इतक्या पातळ पापुद्र्यातून उष्णता तळाच्या लोखंडाला पोचते आणि वीज मात्र आतच राहते.

आणि सामान डब्यात भरताना होल्डरमधले सेल आठवणीनं काढा. मी एकदा विसरलो, वायरींची टोकं पत्र्याच्या डब्याला टेकली, आणि पुढच्या सोमवारी तिन्ही सेल मेलेले.