वर्डमध्ये मोठ्या डॉक्युमेंटचा इंडेक्स कसा बनवायचा

डॉक्युमेंट दोनशे-तीनशे पानांचं झालं की पुढे अनुक्रमणिका असून भागत नाही, कुठला विषय कुठल्या पानांवर आलाय ते सांगणारा इंडेक्स शेवटी लागतोच. पान नंबर हाताने टाईप करत बसू नका, मध्ये कुठे एक परिच्छेद वाढला की सगळी मेहनत पाण्यात.

आधी शब्द सिलेक्ट करा आणि आल्ट+शिफ्ट+एक्स दाबा, मार्क एन्ट्रीचा बॉक्स उघडेल. मेन एन्ट्रीत तो शब्द आलेलाच असतो, त्याखाली हवी तर सबएन्ट्री टाका (मेन 'पाणी', सब 'साठवण') आणि मार्क करा. बॉक्स उघडा ठेवूनच पुढचे शब्द करता येतात. शब्दाशेजारी महिरपी कंसात एक्सई वगैरे दिसायला लागेल, ते राहू द्या, प्रिंटमध्ये येत नाही.

आता मार्क ऑल. बटण भारी आहे पण मराठीत त्याचा फार उपयोग नाही, कारण ते दिलेलाच शब्द शोधतं, म्हणजे 'पाणी' सापडतं आणि 'पाण्याचा', 'पाण्यात', 'पाण्यामुळे' सगळे राहून जातात. यावर उपाय म्हणजे वेगळ्या फाईलमध्ये दोन कॉलमचं टेबल करायचं, डावीकडे मजकुरात येणारं एकेक रूप आणि उजवीकडे इंडेक्समध्ये काय दिसायला हवं ते, म्हणजे वरच्या तिन्ही रूपांसमोर 'पाणी'. सबएन्ट्री असेल तर मध्ये कोलन द्या, 'पाणी:साठवण' असं. मग मूळ डॉक्युमेंटमध्ये रेफरन्सेस टॅब, इन्सर्ट इंडेक्स, ऑटोमार्क, आणि ही फाईल निवडा. टेबल बनवायला वेळ जातो खरा, पण हाताने मार्क करण्यापेक्षा परवडतं. फक्त नंतर एकदा नजर फिरवा, कारण त्याला अर्थ थोडाच कळतो, 'सासू सुनेला पाण्यात पाहते' हेही पाण्याखाली जाऊन बसेल, तिथला एक्सईवाला कंस अख्खा डिलीट करायचा.

इंडेक्स टाकण्याआधी कंट्रोल+शिफ्ट+८ दाबून ते कंस लपवा, हे विसरू नका, दिसत असले की जागा खातात आणि पान नंबर पुढे सरकतात. मग शेवटच्या पानावर कर्सर नेऊन परत इन्सर्ट इंडेक्स, कॉलम किती ते ठरवा, ओके. पुढे मजकूर बदलला की इंडेक्सवर क्लिक करून एफ९. स्पेलिंग चुकलं असेल तर मजकुरातल्या कंसातच सुधारा, इंडेक्समध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या एफ९ला पुसली जाते.