एडीएचडी असताना व्यायाम टिकवायचा कसा

एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड करणारी मेंदूची जडणघडण) असलेल्या माणसाला व्यायामाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. अडतं ते सुरुवातीपाशी. फायदा सहा महिन्यांनी दिसणार असेल, तर त्याच्या जोरावर आज उठवत नाही. समोरची, ताबडतोबची गोष्टच मन ओढून घेते. म्हणून जिद्दीवर आणि आठवणीवर भिस्त ठेवू नका. आठवण डोक्याबाहेर, डोळ्यांसमोर हवी.

घड्याळापेक्षा रोज आपसूक घडणारी गोष्ट खूण म्हणून धरा. गोव्यात ती दारातच येते: पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू. संध्याकाळी पाव घेतले, पिशवी ओट्यावर ठेवली की थेट बूट. मध्ये सोफा नाही, फोन नाही; 'पाचच मिनिटं' टेकलात की तास कसा गेला ते कळत नाही. मोजे बुटांतच खुपसून बूट दाराशी ठेवा, कारण कपाटात गेलेली वस्तू डोक्यातूनही जाते. गजर लावलात तर त्याला 'व्यायाम' नव्हे, 'बूट घाल' असं नाव द्या. काही दिवसांनी तोच गजर ऐकूनही न ऐकल्यासारखा होतो, तेव्हा सूर बदला.

पहिले दोन आठवडे दिवसाला कमीत कमी 5 आणि जास्तीत जास्त 15 मिनिटं. यातली वरची मर्यादा अधिक कसोशीने पाळा. नव्या उत्साहात मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत तासभर धावलात, तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा भरून येतात की बूट बघवत नाहीत, आणि बहुतेकांचं तिथेच सुटतं. पुढे हळूहळू वाढवत आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं किंवा तेवढ्याच जोराचं काही, आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना सुचवलेलं किमान प्रमाण हेच आहे.

कंटाळा येणारच, त्यात तुमचा दोष नाही. खूण तीच ठेवून प्रकार बदला: चालणं, सायकल, बॅडमिंटन. तीनच पर्याय लिहून फ्रिजवर लावा. दहा ठेवलेत तर निवडण्यातच संध्याकाळ जाईल. जिमचे पैसे वर्षाचे एकदम नको, महिन्याचे भरा. आणि खाली गेटपाशी कुणी वाट बघत उभं असेल तर त्यासारखा उपाय नाही.

जून ते सप्टेंबर पावसाचं निमित्त रोज मिळतं. त्यासाठी घरातला बेत तयार असू द्या: 10 उठाबशा, भिंतीला हात टेकून 10 जोर, 1 मिनिट जागच्या जागी चाल; अशा तीन फेऱ्या. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, नाहीतर ओले बूट हेच उद्याचं कारण होतं.

एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, भूकही मरते. व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. दुपारचं जेवण राहिलं असेल तर आधी केळं खा, पाणी प्या. छातीत दुखलं, धडधड वाढली किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या.

सलग दिवस मोजणारी अॅप टाळा. एक दिवस चुकला की सगळंच सोडून द्यावंसं वाटतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारा, आठवड्यात तीन फुल्या म्हणजे आठवडा जमला. चवथीला (गणेशचतुर्थीला) मूळ घरी गेल्यावर खंड पडणार हे ठरलेलंच, तेव्हा निघण्यापूर्वीच परतल्यानंतरच्या पहिल्या तारखेभोवती गोल करून ठेवा. त्या दिवशी फक्त 5 मिनिटं करायची, बुडालेलं भरून काढायचं नाही.