मराठी टायपिंगचा किबोर्ड निवडताना आधी उजवी शिफ्ट बघा

भाषांतराच्या कामात नव्याने येणारी मुलं विचारतात, "ताई, किबोर्ड कुठला घेऊ?" मी आधी विचारते, मराठी कुठल्या पद्धतीने टाइप करता? ते ठरल्याशिवाय किबोर्ड ठरत नाही.

माझे हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर, तयार झाले. टायपिंग क्लास, मग महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मराठी ३० ची, म्हणजे मिनिटाला ३० शब्दांची, परीक्षा. सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर हे किंवा इंग्रजी ४० चं प्रमाणपत्र लागतं. परीक्षेला कळांचा कुठला आराखडा चालतो, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्या.

रेमिंग्टनमध्ये अक्षर दिसतं तसं रचायचं. 'आणि' लिहायला अ, काना, पहिली वेलांटी, अर्धा ण आणि पुन्हा काना. भाषांतरात युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट वाचता येणारी अक्षरं, आलं तेव्हा मी इन्स्क्रिप्ट या दुसऱ्या आराखड्याकडे वळले. महिनाभर वेलांटी आधीच पडायची, कारण इथे उच्चाराच्या क्रमाने लिहायचं असतं: आ, ण, मग वेलांटी. 'सर्व'सुद्धा स, र, पाय मोडायचा, व. सवय मोडताना रडू यायचं, पण आज मला दुसरं काही नको.

इन्स्क्रिप्टचा आराखडा १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवला. विंडोजमध्ये तो असतोच, फक्त सुरू करायचा. क-ख, त-थ, ज-झ अशा जोड्या एकाच कळेवर, त्यातलं दुसरं अक्षर शिफ्टने. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला. 'काका', 'पुरे' टाइप करून बघा, हात आळीपाळीने चालतात. म, न, व मात्र डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत, तिथे सुरुवातीला अडखळायला होतं. कळांवर स्टिकर लावू नका. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे चाचपा: तिथे पहिली वेलांटी आणि र आहेत. बाकी बोटं आपोआप जागेवर येतात.

आता शिफ्ट. कळ ज्या हाताची, त्याच्या विरुद्ध हाताने शिफ्ट दाबायची. 'आणि'मधला आ इंग्रजी 'ई'च्या कळेवर, ण 'सी'च्या कळेवर. दोन्ही डाव्या हाताच्या कळा आणि दोन्हींना शिफ्ट, म्हणजे उजव्या करंगळीला दोनदा काम. मराठीत 'आणि' किती वेळा येतं! काही छोट्या किबोर्डांवर बाणाच्या कळेला जागा द्यायला उजवी शिफ्ट आखूड केलेली असते. तसल्या एका किबोर्डवर मी पुस्तकभर काम केलं आणि करंगळी दुखून रात्री झोप लागेना. किंमत, दिवे, रंग नंतर बघा.

स्पर्शाचं सांगायचं तर मेकॅनिकलमध्ये, म्हणजे प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असलेल्या किबोर्डात, तीन प्रकार जास्त भेटतात. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरीत मध्ये हलका अडथळा जाणवतो, निळा अडथळ्यासोबत टकटक वाजतो. मला तपकिरी आवडतो. कळ लागली हे बोटाला कळतं, त्यामुळे तळापर्यंत दाबावं लागत नाही. निळा एकट्याच्या खोलीत सुंदर वाटतो. घरात कुणी झोपलं असेल तर घेऊ नका. बजेट कमी असेल तर साधा, पूर्ण आकाराचा मेंब्रेन (कळांखाली लवचीक पापुद्रा असलेला) किबोर्डही उत्तम चालतो.

दुकानात गेलात की तीन शब्द टाइप करा: 'आणि', 'केळी', 'दऱ्याखोऱ्या'. पहिल्याने उजवी शिफ्ट तपासली जाते, उरलेल्या दोघांनी डावी. प्रत्येक शब्द वीसेक वेळा, न बघता. मनगट न हलवता करंगळी पोचली, तर तो किबोर्ड घ्या.