देणगीच्या रपेटीला निघताना: घोडा, तंग आणि पैशांचा हिशेब

एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करायला निघणाऱ्या रपेटीत शर्यत नसते. तरीही घोडी दमतात, कारण महिनाभर तबेल्यात उभं असलेलं जनावर थेट लांबच्या वाटेला काढलं जातं. 18 किलोमीटर जायचं असेल तर निदान सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा घोडा बाहेर काढा आणि अंतर हळूहळू वाढवा. साध्या चालीने तो तासाला सुमारे 6 किलोमीटर जातो, म्हणजे तीन तास, थांबे वेगळे. नाल बदलायचे तर आठवडाभर आधी बदला. आदल्या दिवशी मारलेला खिळा आत टोचत असेल तर ते नेमकं वाटेत कळतं.

देणगीदार किलोमीटरमागे पैसे देणार की एकरकमी, हे आधी लिहून घ्या. एकरकमी बरी. घोडा लंगडला आणि अर्ध्यावरून परतावं लागलं तरी संस्थेचं नुकसान होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ तंगाचा, म्हणजे खोगीर जागेवर धरणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्याचा. तंग आवळताना बरेच घोडे अंग फुगवतात, शिवाय स्वाराच्या वजनाने खोगिराखालची गादी दबते. त्यामुळे निघताना घट्ट वाटलेला तंग थोड्या वेळात सैल पडतो. म्हणून तो टप्प्याटप्प्याने आवळा, मग पुढचे पाय एकेक करून उचलून पुढे ओढा, म्हणजे तंगाखालची कातडी सरळ होते. नाहीतर तिथेच सालटं निघतात. दहा मिनिटं चालवून पुन्हा तपासा: दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत.

रांगेत एका घोड्याएवढं अंतर ठेवा. आपल्या घोड्याच्या कानांमधून पुढच्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. शेपटीला लाल फीत बांधलेली असेल तर ती खूण आहे: तो घोडा लाथा झाडतो. त्याच्यापासून आणखी लांब. पाण्यावर शेवटचा घोडा पिऊन होईपर्यंत कुणीही हलू नये. सोबती निघाले की उरलेला पाणी सोडून त्यांच्यामागे ओढ घेतो आणि तहानलेलाच राहतो. फोन खिशात ठेवा. खोगिराच्या पिशवीतला फोन उधळलेल्या घोड्याबरोबर जातो.

थांब्यावर घोडा लगामाने कधीच बांधू नका. दचकून मागे ओढला की तोंड फाटतं. म्होरकी (तोंडात कडी नसलेला डोक्यावरचा पट्टा) घाला आणि एका झटक्यात सुटणारी गाठ मारा. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून 15 सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. आरामात असताना मिनिटाला 28 ते 44 ठोके असतात. अर्धा तास थांबूनही 64 च्या वर असतील तर तो घोडा पुढे न्यायचा नाही, मग देणगीदार काहीही म्हणोत.

शेवटचा किलोमीटर उतरून, तंग थोडा सैल करून, चालत या. आल्यावर आधी पाणी आणि वैरण, धान्य तासाभराने.