पुसलेला सर्व्हर बॅकअपमधून उभा करताना

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या काही छोट्या कारखान्यांत स्वतःचा लिनक्स सर्व्हर असतो आणि बॅकअपही असतो. तरी डिस्क पुसली गेल्यावर फाइली परत येतात, मशीन मात्र बूट होत नाही. कारण अनेकदा यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक पार्टिशनचा ओळख-क्रमांक.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, आधीसारखीच पार्टिशनं पाडा. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) मशीन असेल तर बूटच्या फाइलींचं ईएफआय पार्टिशन फॅट-३२ मध्येच हवं. फॉरमॅट केलं की प्रत्येक पार्टिशनला नवा यूयूआयडी मिळतो, पण बॅकअपमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) जुनाच असतो. ब्लकआयडी कमांडने नवे आकडे पाहून तिथे बदला. स्वॅपची (रॅम कमी पडली तर वापरायच्या डिस्कवरच्या जागेची) ओळ विसरू नका.

फाइली आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने आणताना हार्डलिंक (एकाच फाइलची अनेक नावं), एसीएल (जादा परवानग्या) आणि एक्सटेंडेड ॲट्रिब्यूट (फाइलीला जोडलेली जादा माहिती) जपणारे पर्याय द्या. मालकी नावाऐवजी आकड्याने जपणारा ‘न्यूमेरिक-आयडीज’ तर हवाच! तो नसेल तर लाइव्ह सिस्टिमच्या युजर-यादीप्रमाणे मालकी लागू शकते आणि मग डेटाबेस सुरूच होत नाही.

मग डेव्ह, प्रोक, सिस बाइंड-माउंट करून सीएचरूटने परत आणलेल्या सिस्टिममध्ये शिरा. उबंटू-डेबियनवर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल-सिस्टिम) नव्याने बनवा, ग्रब हा बूटलोडर इन्स्टॉल करून अपडेट करा. एसईलिनक्स (फाइलींवरच्या लेबलांनुसार चालणारी सुरक्षा) चालू असलेल्या रेड हॅट घराण्यात रूट फोल्डरमध्ये ‘.ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल ठेवा, नाहीतर लॉगिनच अडू शकतं.

मारियाडीबी हा डेटाबेस चालू असताना उचललेल्या त्याच्या फाइलींवर भरवसा ठेवू नका. डम्प (डेटाबेसमधून काढलेली प्रत) असेल तर तोच भरा. मदरबोर्ड बदलला असेल तर नेटवर्क कार्डाचं नावही बदलू शकतं, उबंटूवर नेटप्लॅन या नेटवर्क-सेटिंगमध्ये ते दुरुस्त करा.